कांद्याच्या पातीपासून जनुकापर्यंत : कीटकांचे जीनोम डेटाबेस वापरायला शिकताना

निफाडकडचे एक शेतकरी दादा उन्हाळ कांद्याची पात पिशवीत घालून आमच्या प्रयोगशाळेत आले होते. पातीवर चंदेरी-पांढरे चट्टे, शेंडे वाळलेले, आणि पात उघडली की आत सुईच्या टोकाएवढे पिवळसर फुलकिडे पळताना दिसत होते. दादा म्हणाले, "मॅडम, औषध तेच, प्रमाण तेच. मागल्या साली दोन दिवसांत पात साफ झाली होती. यंदा किडं हलतसुद्धा नाहीत. खोट औषधात हाये का किड्यात?"

खोट किड्यात असेल तर ती त्याच्या जनुकांत शोधावी लागते. त्यासाठी लागणारी माहिती जगभरच्या शास्त्रज्ञांनी इंटरनेटवर मांडून ठेवली आहे आणि त्यातली बहुतेक फुकट आहे. तरीही प्राणिशास्त्राची, जीवतंत्रज्ञानाची किंवा कृषीची पदवी घेऊन आलेली मुलं या संकेतस्थळांवर पहिल्यांदा गेली की गोंधळतात. डेटाबेस डझनभर, प्रत्येकाची भाषा वेगळी. सगळ्यांची नावं पाठ करून उपयोग नाही. एक खरा प्रश्न हातात घ्यायचा आणि त्याच्या मागे एकेका डेटाबेसात जायचं. म्हणून इथे दादांचाच प्रश्न घेऊन चालू या.

आधी किडा नीट गोळा करा

डेटाबेस नंतर. बाटलीतला किडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

कांद्याची पात पांढऱ्या कागदावर झटका. फुलकिडे कागदावर पडून पळू लागतात. बारीक ओल्या कुंचल्याने एकेक उचला आणि ९५ टक्के इथेनॉल भरलेल्या छोट्या कुपीत सोडा. फॉर्मॅलिन वापरू नका, त्यात डीएनए खराब होतो. कुपीच्या आत कागदाची चिठ्ठी टाका आणि त्यावर शिसपेन्सिलीनेच लिहा : गाव, तालुका, पीक, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आठवड्याभरात चिठ्ठी कोरी होते. कुपीच्या बाहेर मार्करने लिहिलेलंही अल्कोहोल सांडलं की पुसलं जातं.

थोडे किडे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्यासाठी वेगळे ठेवा. एका फुलकिड्यातून डीएनए काढताना तो पूर्ण चिरडू नका. शरीर शाबूत ठेवून डीएनए काढायच्या पद्धती आहेत. ते कवच काचपट्टीवर बसवलं की पुढे कोणी शंका घेतली तर दाखवायला पुरावा राहतो. अशा जपून ठेवलेल्या नमुन्याला व्हाउचर म्हणतात.

पहिली पायरी : नाव

कीटकाचं नाव ठरवायला सगळ्यात जास्त वापरला जातो तो मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा, डीएनएच्या ६५८ अक्षरांचा (ए, सी, जी, टी) तुकडा. १९९४ मध्ये आलेल्या फोल्मर प्रायमरच्या, म्हणजे हवा तो भाग पकडून त्याच्या प्रती काढायला लागणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांच्या, जोडीने तो मिळतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये याच तुकड्याला प्राण्यांचा 'बारकोड' म्हणून पुढे आणलं. त्यातूनच बोल्ड हा बारकोडचा डेटाबेस उभा राहिला.

सिक्वेन्सिंग करणाऱ्या, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचून देणाऱ्या, कंपनीकडून दोन प्रकारच्या फाइल येतात. एक फास्टा, म्हणजे नुसती अक्षरं, आणि दुसरी क्रोमॅटोग्राम, म्हणजे रंगीत शिखरांचा आलेख. नवीन मुलं फास्टा उघडतात आणि थेट शोधायला लागतात. आधी आलेख बघा. सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं आणि शेवटचा भाग बहुतेक वेळा गिचमीड असतो, शिखरं एकमेकांवर चढलेली असतात. तो भाग कापून टाका. मधेच दोन शिखरं एकाच जागी उभी दिसली तर तिथे थांबून विचार करा, संगणकाने दिलेलं अक्षर मुकाट्याने मान्य करू नका.

आता तो तुकडा अमिनो आम्लांत, म्हणजे प्रथिन ज्या घटकांचं बनतं त्यांत, भाषांतरित करून बघा. इथे जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एकदा अडखळतो. साध्या जनुकसंहितेने भाषांतर केलं की मधे मधे 'थांबा'चे संकेत दिसतात आणि वाटतं, सिक्वेन्स वाया गेला. तसं नसतं. कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियाची संहिता वेगळी आहे. पेशीकेंद्रात टीजीए म्हणजे 'थांबा', पण इथे टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. म्हणून भाषांतराच्या साधनात ५ क्रमांकाचा तक्ता, अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा, निवडा. तो निवडूनही 'थांबा' दिसले तर मात्र सावध व्हा. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाची जुनी, निकामी नक्कल कधी कधी पेशीकेंद्रात जाऊन बसलेली असते आणि तुम्ही तीच वाचलेली असू शकते.

सिक्वेन्स स्वच्छ झाला की तो दोन ठिकाणी तपासा : बोल्डच्या ओळख-साधनात आणि एनसीबीआयच्या ब्लास्टमध्ये, म्हणजे साठ्यातले मिळतेजुळते सिक्वेन्स शोधून देणाऱ्या साधनात. एनसीबीआय ही अमेरिकेतल्या बेथेस्डा इथली संस्था १९८८ पासून आहे आणि जेनबँक हा सिक्वेन्सचा साठा तिथेच सांभाळला जातो. युरोपातला ईएनए आणि जपानचा डीडीबीजे यांच्याशी ती नोंदींची देवाणघेवाण करते, त्यामुळे तीनपैकी कुठेही शोधलंत तरी मूळ नोंदी त्याच मिळतात.

ब्लास्टच्या निकालात तीन आकडे एकत्र वाचायचे. साम्याची टक्केवारी तर सगळेच बघतात. तुमच्या तुकड्याचा किती भाग जुळला, म्हणजे क्वेरी कव्हर, हा आकडा तितकाच महत्त्वाचा. १०० टक्के साम्य पण फक्त ८० अक्षरांवर, याला नाव ठरवण्यासाठी फारशी किंमत नाही. तिसरी ई-व्हॅल्यू : एवढ्या मोठ्या साठ्यात इतकं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडलं असतं, त्याचा अंदाज. ती शून्याच्या जितकी जवळ तितकं बरं. पण शून्य ई-व्हॅल्यू म्हणजे प्रजातीचं नाव बरोबर, असं नाही. ते साम्याबद्दल बोलतं, नावाबद्दल नाही.

हे मी स्वतः चुकून शिकले. द्राक्षबागेतून आणलेल्या फुलकिड्यांचा सिक्वेन्स ब्लास्टला टाकला, पहिल्या ओळीवर ९९ टक्के साम्यासह थ्रिप्स पामी असं नाव आलं, आणि मी अहवालात तेच लिहिलं. नंतर एका सहकाऱ्याने काचपट्टी बघितली आणि हा तो किडाच नाही म्हणून सांगितलं. परत निकाल उघडला तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या ओळीपासून पुढच्या बहुतेक नोंदी सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिसच्या होत्या. पहिली नोंदच चुकीच्या नावाने जमा झालेली होती. अहवाल बदलून द्यावा लागला आणि त्या बागायतदाराला मी स्वतः फोन करून चूक सांगितली.

जेनबँकेत नाव कोण देतं, हे समजून घ्या. ज्याने सिक्वेन्स जमा केला तोच. म्हणून निकालातल्या किमान पहिल्या वीस ओळी वाचा. प्रत्येक नोंद उघडून नमुना कुठल्या देशातला, कोणत्या पिकावरचा, व्हाउचर कुठे ठेवलेलं, ते बघा. बोल्डमध्ये बऱ्याच नोंदींसोबत फोटो आणि ठिकाण असतं, म्हणून नाव ठरवताना मी बोल्डला जास्त वजन देते. तरीही सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिससारख्या किड्यात एकाच नावाखाली दिसायला सारख्या, पण जनुकांनी वेगळ्या किमान नऊ प्रजाती असल्याचं २०१५ मध्ये दाखवलं गेलं आहे. तिथे सूक्ष्मदर्शक आणि सिक्वेन्स दोन्ही हवेत. कीटक ओळखणाऱ्या जाणकाराला, शक्य असल्यास बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोला, नमुना दाखवायला संकोचू नका.

दादांच्या कांद्यावरचा किडा थ्रिप्स टॅबॅकी निघाला. आपल्याकडे कांद्यावर नेहमी सापडतो तोच.

दुसरी पायरी : कोणतं जनुक?

दादांनी फवारलं होतं ते पायरेथ्रॉइड गटातलं औषध. हा गट किड्याच्या मज्जातंतूतल्या सोडियम वाहिनीला चिकटतो. वाहिनी उघडी राहते, तंतू सतत पेटत राहतो आणि किडा लुळा पडतो. त्या वाहिनीच्या जनुकात एखादं अक्षर बदललं की औषध नीट चिकटत नाही. याला केडीआर, म्हणजे नॉकडाउन रेझिस्टन्स, म्हणतात. हा प्रतिकार घरमाशीवर सविस्तर अभ्यासला गेला.

आता प्रश्न नेमका झाला : आपल्या फुलकिड्याच्या सोडियम वाहिनीच्या जनुकात तसा बदल आहे का?

याची सुरुवात फुलकिड्याच्या डेटाबेसात करू नका. फ्लायबेसमध्ये करा. १९९२ पासून चालू असलेला हा डेटाबेस फळमाशीचा, ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरचा आहे. पिकलेल्या द्राक्षांवर, केळ्यांवर घोंगावणारी ती छोटी लाल डोळ्यांची माशी. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली तेव्हापासून शंभरावर वर्षं तिच्या जनुकांवर काम झालं आहे. तिचा जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या डीएनएचा मजकूर, २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या कुठल्याही कीटकाबद्दल इतकी तपासून घेतलेली माहिती एका जागी नाही.

फ्लायबेसच्या शोधचौकटीत पॅरा लिहा, इंग्रजीत पी-ए-आर-ए. पॅरालिटिक या शब्दावरून हे नाव आलं, कारण या जनुकातल्या एका बदलाच्या माशा तापमान वाढवलं की लुळ्या पडतात. फळमाशीत सोडियम वाहिनीचं हेच जनुक आहे आणि ते एक्स गुणसूत्रावर बसलेलं आहे. जनुकाचं पान उघडलं की वर एफबीजीएनने सुरू होणारा क्रमांक दिसेल. तो वहीत लिहून घ्या. फ्लायबेसमध्ये जनुकांची नावं बदलतात, दोन नोंदी एकत्र होतात, पण क्रमांकावरून जुनी नोंदही शोधता येते.

पान लांबलचक आहे. पहिल्या दिवशी सगळं वाचायचा अट्टाहास नको. सारांश वाचा, मग प्रथिनांच्या विभागात जा. या एका जनुकापासून पेशी बरीच वेगवेगळी प्रथिनं बनवते, म्हणून तिथे यादी दिसेल. त्यातलं एक निवडा, त्याचा सिक्वेन्स फास्टा स्वरूपात उतरवून घ्या. दोन हजारांहून जास्त अमिनो आम्लं असतील.

आता एनसीबीआयच्या ब्लास्टवर परत या, पण या वेळी टीब्लास्टएन निवडा. हे साधन तुमचं प्रथिन घेतं आणि डीएनएच्या साठ्याचं स्वतः सहा प्रकारांनी भाषांतर करून त्यात शोधतं. माशी आणि फुलकिडा उत्क्रांतीत एकमेकांपासून फार दूर गेले आहेत. त्यांच्या डीएनएची अक्षरं खूप बदलली आहेत, पण प्रथिन बरंच टिकलं आहे. म्हणून डीएनएला डीएनए लावण्यापेक्षा हा रस्ता खात्रीचा. जीवाच्या चौकटीत थायसॅनोप्टेरा, म्हणजे फुलकिड्यांचा गण, लिहा. नाहीतर माशा आणि डास यांच्या हजार ओळींत तुमचा फुलकिडा बुडून जाईल. निकाल तुकड्यातुकड्यात येईल. घाबरू नका : जनुकाचे भाग जीनोममध्ये एकमेकांपासून लांब पसरलेले असतात, म्हणून तसं दिसतं.

निकालाच्या पानावर वर एक आरआयडी क्रमांक असतो. तो लिहून ठेवा. वीज गेली किंवा नेट तुटलं तरी त्याच दिवशी तो क्रमांक टाकून निकाल परत उघडता येतो. गावाकडे भारनियमनात काम करणाऱ्यांना हे फार उपयोगी पडतं.

आकड्यांचा सापळा

लेखांत बदल ९१८, ९२९, १०१४ अशा आकड्यांनी लिहिलेले असतात. थ्रिप्स टॅबॅकीत ९१८ आणि ९२९ या जागांवरचे बदल नोंदले गेले आहेत. नवशिका आपल्या प्रथिनात ९२९ पर्यंत मोजत जातो आणि त्याला भलतंच अमिनो आम्ल सापडतं. कारण हे आकडे घरमाशीच्या प्रथिनाप्रमाणे मोजलेले आहेत, मग कीटक कोणताही असो.

म्हणून जेनबँकेतून घरमाशीच्या सोडियम वाहिनीचं प्रथिनही उतरवा. घरमाशी, फळमाशी आणि फुलकिडा असे तिन्ही सिक्वेन्स क्लस्टल ओमेगासारख्या साधनात एकाखाली एक लावा. घरमाशीच्या ओळीत ९२९ वर बोट ठेवा आणि सरळ खाली या. तिथे थ्रिओनिन असेल तर किडा त्या जागी मूळचाच आहे. आयसोल्युसिन असेल तर बदल झालेला आहे. डीएनएच्या पातळीवर हा फरक एका अक्षराचा : एसीएचं एटीए झालं, मधला सी जाऊन टी आला.

डेटाबेसने इथवर आणलं. पुढे जायला दादांच्या शेतातल्या किड्यांचा तो तुकडा स्वतः सिक्वेन्स करावा लागतो. त्याचे प्रायमर कुठे बसवायचे हे याच मांडणीवरून ठरतं. एक किडा तपासून निष्कर्ष काढू नका. एकाच शेतातले वेगवेगळे किडे वेगळी उत्तरं देतात, आणि एकाच किड्यातही मूळ आणि बदललेली अशी दोन्ही अक्षरं असू शकतात. आलेखात तेव्हा सी आणि टी या दोघांची शिखरं एकाच जागी उभी दिसतात. आधी म्हटलं होतं ना, दोन शिखरं दिसली की थांबा, ते यासाठीही.

तिथे बदल सापडला नाही म्हणून औषध चांगलं, असंही समजू नका. किडे विष पचवणारे एन्झाइम वाढवूनही तगतात, ते या जनुकात दिसत नाही. शिवाय फुलकिडा पातीच्या बेचक्यात लपतो, तिथे फवारा पोचलाच नसेल तर जनुकांना दोष देऊन उपयोग नाही.

जीनोम मिळाला, पण तो कसा आहे?

पूर्ण जीनोम उतरवण्याआधी त्याचा आकार बघा. कीटकांमध्ये हा आकार विलक्षण वेगवेगळा असतो. अंटार्क्टिकावर राहणाऱ्या बेल्जिका अंटार्क्टिका या चिलटाचा जीनोम सुमारे ९.९ कोटी अक्षरांचा, तर टोळाचा सुमारे ६५० कोटींचा, माणसाच्या दुपटीहून जास्त. फळमाशी सुमारे १८ कोटींवर. फुलकिड्यांपैकी फ्रँक्लिनिएला ऑक्सिडेंटॅलिसचा जीनोम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तो ४१ कोटींच्या पुढे आहे. साध्या लॅपटॉपवर टोळाचा जीनोम उघडायला जाल तर यंत्र बंद पडेल.

एनसीबीआयमधल्या जीनोमला जीसीएने सुरू होणारा क्रमांक असेल तर ती जमा करणाऱ्याने दिलेली मूळ प्रत. जीसीएफ असेल तर ती एनसीबीआयने रेफसेक या आपल्या निवडक संदर्भ-संग्रहात घेतलेली प्रत. प्रथिनांमध्ये एनपीने सुरू होणारी नोंद सहसा जास्त तपासलेली, आणि एक्सपीने सुरू होणारी संगणकाने अंदाजाने काढलेली. एक्सपी वाईट नव्हे, पण तिच्यातला एखादा भाग गळालेला किंवा शेजारच्या जनुकाला चिकटलेला असू शकतो, हे धरून चाला.

जीनोम किती पूर्ण आहे हे बुस्को नावाच्या चाचणीच्या आकड्यावरून कळतं. सगळ्या कीटकांत एकेरी प्रतीत सापडायलाच हवीत अशी जनुकं घेऊन ती या जीनोममध्ये आहेत का ते तपासतात. कीटकांच्या एका प्रचलित संचात अशी १,३६७ जनुकं आहेत. त्यातली पुष्कळ गायब असतील, तर तुम्हाला हवं ते जनुक न सापडण्याचं कारण किड्यात नसून जीनोममध्ये असू शकतं. "या कीटकात हे जनुक नाही" असं लिहिण्याआधी हा आकडा बघितल्याशिवाय राहू नका. परीक्षक म्हणून मी सगळ्यात आधी तेच विचारते.

दुसऱ्या प्रश्नांसाठी दुसरी दारं

डासांवर काम असेल तर व्हेक्टरबेस. आपल्या शहरात पावसाळ्यात डेंग्यू वाढला की एडिस इजिप्तायची चर्चा होते. त्या डासाचा पहिला जीनोम २००७ मध्ये आला आणि २०१८ मध्ये बराच सुधारलेला आला. जुन्या लेखातला जनुक-क्रमांक नव्या प्रतीत सापडत नसेल तर हे कारण असू शकतं. मधमाशांसाठी हायमेनॉप्टेरा जीनोम डेटाबेस आहे. कांद्याचं बी धरायला डोंगळ्यांवर मधमाश्या लागतात हे आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहेच. पाश्चात्य मधमाशीचा जीनोम २००६ मध्ये, आपल्या सातेरी माशीचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. येवल्याच्या पैठणीला लागणाऱ्या तुती रेशमाच्या किड्यासाठी जपानचा सिल्कबेस बघा. अळ्यांवर, म्हणजे टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीवर किंवा २०१८ मध्ये भारतात दाखल झालेल्या मक्यावरच्या लष्करी अळीवर काम करणाऱ्यांना एनसीबीआयच्या जीनोम विभागातच बहुतेक सापडतं. ज्या कीटकाला स्वतंत्र डेटाबेस नाही त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयाचं आय-फाइव्ह-के वर्कस्पेस पाहा. पाच हजार कीटकांचे जीनोम वाचण्याच्या २०११ च्या उपक्रमातून ते आलं. दोन कीटकांतलं 'तेच' जनुक कोणतं हे पाहायला ऑर्थोडीबी.

यातली संकेतस्थळं कायम चालू राहतील असं धरू नका. २०२५ मध्ये अमेरिकेतला संशोधन-निधी थांबल्यावर फ्लायबेसला जगभरच्या प्रयोगशाळांकडे मदत मागावी लागली. जे वापरलंत त्याची प्रत आपल्या संगणकावर ठेवा.

वही, आणि आपली नोंद

प्रत्येक शोधाबरोबर वहीत लिहा : तारीख, डेटाबेसचं नाव आणि आवृत्ती, नोंदीचा क्रमांक शेवटच्या टिंबानंतरच्या आकड्यासह, आणि कोणत्या सेटिंगने शोधलं. टिंबानंतरचा आकडा म्हणजे आवृत्ती. सिक्वेन्स दुरुस्त झाला की तो बदलतो. सहा महिन्यांनी तोच शोध करून वेगळं उत्तर आलं तर का, हे त्यावरूनच कळतं.

काम झालं की आपला सिक्वेन्सही जमा करा. बारकोड असेल तर बोल्डवर फोटो आणि ठिकाणासह, इतर जनुकांचे तुकडे जेनबँकेत बँकइट या साधनातून. भारतात फरिदाबादला २०२२ मध्ये इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू झालं आहे, तिथेही जमा करता येतं. ठिकाणाच्या रकान्यात नुसतं 'भारत' लिहून सोडू नका. राज्य, जिल्हा, तालुका लिहा, यजमान पिकाच्या रकान्यात कांदा लिहा, गोळा केल्याची तारीख द्या. शेतकऱ्याचं नाव आणि गट क्रमांक मात्र देऊ नका, ते आपल्या वहीतच राहू द्या. सहज शोधायला जाल तर भारतातल्या कितीतरी नोंदींत 'भारत' याच्यापुढे काही सापडत नाही. पुढच्या हंगामात दिंडोरीतून किंवा कळवणमधून कोणी अशीच पात घेऊन आलं, तर तुलनेला निफाडची नोंद तिथे असायला हवी.